सुताराची विद्या आणि गृहस्थाचें कपाट

गृहस्थाच्या घरांतील लांकडी सामानांत कपाटाइतकी फसवी वस्तु दुसरी नाहीं. पाट, चौरंग, घडवंची यांतील सुतारकाम पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढें उघडें असतें. कपाट मात्र दिसतें एखाद्या उभ्या पेटीसारखें, आणि चार फळ्या ठोकल्या कीं पेटी झाली, अशी बहुतेकांची समजूत असते. ही समजूत घेऊन जो करवत हातीं धरतो त्याला पहिल्याच पावसाळ्यांत धडा मिळतो. चैत्रांत अलगद लागणारें दार आषाढांत अडकून बसतें, आणि पुढच्या चैत्रांत त्याच दाराच्या मधोमध उभी चीर पडलेली दिसते.

झाड तोडलें म्हणजे तें मेलें, ही गोष्ट अर्धीच खरी आहे. कापलेलें लांकूड हवेंतील ओलावा शोषून फुगतें आणि हवा कोरडी होतांच आकसतें, व हा क्रम शंभर वर्षांच्या जुन्या फळींतहि थांबत नाहीं. त्यांत चमत्कार असा कीं, फळी लांबींत जवळजवळ मुळींच बदलत नाहीं. बदलते ती रुंदींत. एक फूट रुंदीच्या फळींत लांकडाच्या जातीप्रमाणें हा फरक पाव इंचापर्यंत जाऊं शकतो. सागवान या बाबतींत मोठें शहाणें लांकूड आहे, तें फार थोडें हालतें. म्हणूनच जहाजें बांधणारांनीं व वाडे बांधणारांनीं त्याला मान दिला. पण सागवानहि हालतेंच. एका फळीवर दुसरी आडवी फळी ठेवून दोन्ही खिळ्यांनीं जखडल्या, तर एकीला रुंदावयाचें असतें आणि दुसरी तिला रुंदूं देत नाहीं. अखेर जी दुबळी ती फुटते.

या विद्येचा इतिहास दोन प्रश्नांभोवतीं फिरतो. लांकडाची ही हालचाल सांभाळावी कशी, हा एक. आणि ती सांभाळण्याची युक्ति कोणीं जाणावी व कोणीं वापरावी, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर कारागिरांनीं पुष्कळ पूर्वीं शोधलें. दुसऱ्यासाठीं कायदे झाले, न्यायालयांत भांडणें झालीं, आणि कित्येक कुटुंबांच्या तोंडची भाकरीहि गेली.

सांधे जोडण्याची कला फार जुनी आहे. इ. स. १९०६ मध्यें इटालियन संशोधक स्कियापारेली यांना इजिप्तमध्यें देर अल्-मदीना येथें खा नांवाच्या बांधकाम-प्रमुखाची चोरांच्या हातीं न लागलेली कबर सांपडली. सुमारें चौतीसशें वर्षांपूर्वींच्या त्या कबरींत पेट्या होत्या, बैठकी होत्या, आणि खाचीं हत्यारेंहि होतीं. तें सामान आज ट्यूरिनच्या संग्रहालयांत आहे. इजिप्तच्या सुतारापाशीं रंधा नव्हता. तो वाकसानें तासून व दगडानें घासून फळी गुळगुळीत करी. परंतु एका लांकडांत साल पाडून दुसऱ्याचें कुसूं तींत बसविणें, आणि पेटीच्या कोपऱ्यांना पारव्याच्या शेपटासारखे पसरट दांते एकमेकांत अडकविणें, या दोन्ही युक्त्या त्याला पक्क्या अवगत होत्या. रंधा ठळकपणें दिसतो तो रोमन लोकांच्या हातांत. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या पाँपी नगरांत तो मिळाला आहे, आणि शेजारच्या हर्क्युलेनियममध्यें तर कोळसा झालेलें लांकडी सामानच जागच्या जागीं राहिलें.

रोमन लोक कपाटाला ‘अर्मारियम’ म्हणत. हा शब्द पुढें पोर्तुगीज दर्यावर्दींबरोबर हिंदुस्थानांत उतरला आणि ‘अलमारी’ झाला. वऱ्हाड-नागपुराकडे तो घरोघर ऐकूं येतो. पुण्या-मुंबईकडे रुळलेला ‘कपाट’ हा शब्द संस्कृत असून त्याचा मूळ अर्थ दाराची फळी एवढाच आहे. म्हणजे मराठीनें या वस्तूला नांव दिलें तें तिच्या सर्वांत अवघड भागावरून! तें दार जिच्यावर फिरतें ती बिजागरी आणि जिनें तें बंद होतें ती चावी, हे दोन्ही शब्द मात्र पोर्तुगीजच. जुन्या वाड्यांतून हातभर जाडीच्या भिंतींत कोनाडे असत, आणि मोठ्या कोनाड्याला दार लावलें कीं त्याचें फडताळ होई. त्याचें दार पुष्कळदां बिजागरीशिवाय, कडेलाच वर-खालीं कोरलेल्या कुसवांवर फिरे. भिंत सोडून स्वतंत्र उभें राहणारें कपाट मराठी घरांत बरेंच उशिरां आलें.

युरोपांतहि मध्ययुगांतील सामान्य घरांत कपाट नव्हे, तर पेटारा होता. जाड फळ्या, लोखंडी खिळे आणि पट्ट्या. असे पेटारे आजहि जुन्या चर्चांतून पाहावयास मिळतात, आणि पुष्कळांना उभ्या चिरा गेलेल्या असतात. पंधराव्या शतकाच्या सुमारास उत्तर युरोपांत जी रीत पसरली तिनें हा रोग मुळापासून बरा केला. ती रीत सांगावयास सोपी आहे. रुंद फळीचें दार करूंच नये. चार अरुंद पट्ट्यांची चौकट करावी; उभ्या पट्ट्यांत साल पाडून आडव्यांचीं कुसवें त्यांत बसवावीं; चौकटीच्या आंतल्या कडेनें खोबण काढावी, आणि पातळ रुंद फळी त्या खोबणींत नुसती सरकवून द्यावी. तिला सरस लावावयाचा नाहीं, खिळा मारावयाचा नाहीं. चौकटीच्या पट्ट्या अरुंद असल्यानें त्या हालतात त्या नांवापुरत्याच. आंतली फळी खुशाल फुगो वा आकसो, खोबणींत तिला जागा आहे. दाराचें माप तेवढ्याचें तेवढेंच राहतें. आपल्याकडे दिलेदार दार म्हणतात तें हेंच. पाहणाराला ती नक्षी वाटते. वस्तुतः ती तडजोड आहे.

हातहत्यारांनीं हें काम करणें म्हणजे काय, याची कल्पना यंत्राच्या काळांत येणें कठीण. कामाचा पहिला भाग वाट पाहण्याचा. इंचभर जाडीच्या फळीला वर्षभर सावलींत सुकूं द्यावें, असा युरोपांतील सुतारांचा जुना अंदाज होता. नंतर फळी सपाट करावयाची. आणि येथेंच नवशिका थकतो. फळीची दोन टोकें एकमेकांशीं फिरलेलीं असतात, तिला पीळ असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून दोन सरळ पट्ट्या दोन टोकांना आडव्या ठेवून, डोळा त्यांच्या पातळीवर आणून, एकीच्या कडेवरून दुसरीची कड पाहावयाची. पुढें अर्धा वेळ रंध्याचा. प्रथम जाड सालपें काढणारा, मग लांब बुडाचा, आणि शेवटीं कागदासारखें पातळ सालपें सोडणारा लहान. लांब बुडाचा रंधा खळग्यावरून न अडखळतां जातो व उंचवटाच तेवढा कापतो. त्यामुळें फळी सरळ होते ती सुताराच्या नजरेनें जितकी, तितकीच त्या बुडाच्या लांबीनें. एक बाजू खरी झाली कीं तिच्यावरून गुण्यानें कड, आणि त्या दोहोंवरून बाकीचीं सारीं मापें. या पहिल्या बाजूंत जी चूक राहते ती शेवटच्या सांध्यापर्यंत चालत जाते.

साल पाडावयाची ती फळीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश रुंद. पटाशी उभी धरून मोगरीनें. कुसूं कापतांना करवत आंखलेल्या रेघेवरून न नेतां तिच्या बाहेरच्या अंगानें न्यावयाची, म्हणजे रेघ अर्धी शिल्लक राहते. सांधा बसल्यावर आरपार छिद्र पाडून लांकडी मेख ठोकीत; आणि कसबी सुतार कुसवांतील छिद्र सालीच्या छिद्रापेक्षां किंचित् आंत घेई, म्हणजे मेख आंत शिरतां शिरतां सांधा आपोआप आवळला जाई. असे तीनशें-साडेतीनशें वर्षांपूर्वींचे सांधे सरसाचा थेंबहि न लावतां अजून घट्ट आहेत.

एवढी विद्या ज्याच्या हातांत असे त्यानें ती उघड्यावर टाकावी, ही अपेक्षा करणें व्यर्थ होतें. युरोपांतील शहरांतून प्रत्येक धंद्याचा संघ असे. उमेदवारीला मुलगा ठेवतांना जो करार होई त्यांत धन्याचीं गुपितें राखीन, असें कलम असे. इंग्लंडांत इ. स. १५६३ च्या कायद्यानें सात वर्षांची उमेदवारी केल्यावांचून कोणालाहि असा धंदा करण्याची मनाई झाली. लंडनमध्यें घरबांधणीच्या सुतारांच्या संघाला १४७७ पासून राजाची सनद होती. सांधेकाम करणाऱ्यांच्या संघाला ती १५७१ मध्यें मिळाली. दोघांचीं हत्यारें बरीचशीं एकच, लांकूडहि तेंच, आणि गिऱ्हाईकहि तेंच! तेव्हां भांडण ठरलेलें. अखेर १६३२ मध्यें शहराच्या अधिकाऱ्यांनीं निवाडा दिला. साल-कुसवाचें, पारव्याच्या शेपटी सांध्याचें व सरसानें जोडलेलें सामान, त्यांतच कपाटें आणि पेट्या, सांधेकाऱ्यांनीं करावें. नुसतें खिळ्यांनीं ठोकलेलें सामान सुतारांनीं करावें. लांकडाच्या हालचालीचें ज्ञान कोणापाशीं आहे, याचीच ही वांटणी होती. सुतारांना ती गोड वाटली नाहीं हें सांगावयास नको.

मग प्रश्न असा कीं, साध्या गृहस्थानें आपल्या घरांत, आपल्यापुरतें कपाट केलें तर तो गुन्हा काय? या प्रश्नावर प्रकाश पाडणारा एक खटला इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे, पण तो सुताराचा नव्हे, शिंप्याचा आहे. इप्स्विच येथील शिंप्यांच्या संघानें एका शिंप्यावर दंडाची फिर्याद केली. संघापुढें आपली सात वर्षांची उमेदवारी सिद्ध केल्याशिवाय त्यानें शहरांत शिवणकाम केलें, असा आरोप होता. त्याचें म्हणणें असें कीं, तो एका गृहस्थाच्या घरीं नोकर असून त्या कुटुंबापुरते कपडे शिवतो. १६१४ मध्यें राजाच्या न्यायालयानें शिंप्याच्या बाजूनें निकाल दिला, आणि न्यायमूर्ति एडवर्ड कोक यांनीं तो आपल्या निवाडा-संग्रहांत नोंदविला. कायद्याची बंदी आहे ती उघड धंदा करण्याला. कुटुंबाच्या आंत, खाजगी उपयोगासाठीं चाललेल्या कामाला नाहीं, असें त्यांत स्पष्ट झालें. घराचा उंबरठा ही अशा रीतीनें संघाच्या सत्तेची सीमा ठरली. उंबरठ्याच्या आंत गृहस्थाला मोकळीक मिळाली. मात्र हातांत हक्क आला तरी विद्या कोठें होती?

ती छापून देण्याचें धाडस जोसेफ मॉक्सन यानें केलें. हा मुद्रक, नकाशे व पृथ्वीचे गोल विकणारा गृहस्थ, दुसऱ्या चार्ल्स राजाचा सागरी नकाशांचा अधिकारी. सांधेकारी मुळींच नव्हे. काळहि अनुकूल होता. १६६६ च्या आगींत लंडन जळालें तेव्हां शहर पुन्हां उभें करण्यासाठीं संघाबाहेरच्या कारागिरांना सात वर्षें काम करण्याची कायद्यानें मुभा दिली होती. संघांच्या तटबंदीला त्यावेळीं जी खिंडारें पडलीं तीं पुढें पुरतीं बुजलीं नाहींत. १६७८ च्या आरंभापासून मॉक्सननें महिन्यामहिन्याला एक लहान भाग काढावयास सुरुवात केली. पहिल्यानें लोहारकाम, मग सांधेकाम, घराचें सुतारकाम, कांतकाम. रंधा धरावा कसा, साल पाडावी कशी, हें कोणींतरी प्रथमच साध्या इंग्रजींत लिहिलें. त्याच सालीं रॉयल सोसायटीनें त्याला आपला सभासद करून घेतलें. चित्रें त्यानें पुष्कळशीं एका फ्रेंच ग्रंथावरून उतरलीं होतीं, हें खरें. पण शब्द त्याचे होते. पुढें राजाविरुद्ध कटाची अफवा उठून लंडन हादरलें आणि मासिक भागांचे आधींच थोडे असलेले वर्गणीदार आटले, अशी तक्रार त्यानें नंतर स्वतःच लिहून ठेविली आहे. राजकारणाच्या गडबडींत पहिली कुऱ्हाड मासिकावर पडते, हा अनुभव तेव्हांपासूनचा आहे.

मॉक्सन बाहेरून पाहून लिहिणारा होता. ज्यानें आयुष्यभर रंधा मारला आणि नंतर लेखणी घेतली असा माणूस फ्रान्समध्यें निघाला. आंद्रे-जाकोब रूबो याचा जन्म पॅरिसमध्यें १७३९ सालीं एका गरीब सांधेकाऱ्याच्या घरीं झाला. दिवसा कामावर आणि उरलेल्या वेळांत भूमितीचा व चित्रकलेचा अभ्यास, असें त्याचें तारुण्य गेलें. प्रसिद्ध वास्तुशास्त्रज्ञ ब्लाँदेल यानें त्याला शिकविलें. १७६९ ते १७७५ या काळांत फ्रेंच विज्ञान-अकादमीच्या ग्रंथमालेंत त्याचा सांधेकामावरील प्रचंड ग्रंथ खंडाखंडानें प्रसिद्ध झाला. त्यांत पावणेचारशेंहून अधिक चित्रपट आहेत आणि त्यांचीं रेखाटनें त्यानें स्वतः केलीं. घरांतील दारांपासून बग्गीपर्यंत आणि जडावाच्या कपाटांपर्यंत सारें त्यांत आलें. सुताराचें जाड, जड बाकही त्यानें असें काढून ठेविलें आहे कीं, त्यावरून आजहि तें हुबेहूब करतां येतें. तो स्वतः धंद्यांतला ‘उस्ताद’ झाला तो १७७४ मध्यें, म्हणजे ग्रंथाचे पहिले खंड बाहेर पडल्यानंतर! १७९१ च्या जानेवारींत रूबो वारला. मार्चमध्यें फ्रान्समधील क्रांतिकारक सभेनें धंद्यांचे संघच बंद केले.

इंग्लंडांत सक्तीच्या उमेदवारीचीं कलमें १८१४ मध्यें रद्द झालीं. तेव्हां कायदा गेला, गुपितेंहि बरींचशीं छापून झालीं. आतां विद्या सर्वांची झाली असें म्हणावयास हरकत नव्हती. परंतु याचा दुसरा अर्थ काय झाला, हें पाहावयाचें असेल तर हेन्री मेह्यू यानें १८५० मध्यें लंडनच्या एका वृत्तपत्रांत लिहिलेलीं पत्रें वाचावीं. शहराच्या पश्चिम भागांत जुन्या रीतीचे, संघटित, बरी मजुरी मिळविणारे कपाटकार अजून होते. पूर्वेकडे मात्र माळ्यावरच्या एका खोलींत राहणारे ‘लहान मालक’ वाढले होते. सोमवारीं थोडें लांकूड विकत घ्यावयाचें; त्याच खोलींत नवरा, बायको, मुलें मिळून पहाटेपासून रात्रीपर्यंत एखादें कपाट किंवा पेटी पुरी करावयाची; आणि शनिवारीं ती पाठीवर किंवा गाड्यावर घालून दुकानोदुकानीं फिरवावयाची. रविवारची भाकर त्यावर अवलंबून असल्यामुळें दुकानदार म्हणेल ती किंमत पदरांत घ्यावी लागे. अशा दुकानांना त्या धंद्यांतील लोकांनीं नांव दिलें होतें ‘कत्तलखाना’. कोंबडीप्रमाणें तेथें कापलें जाई तें कपाट करणाऱ्याचें पोट.

हेंहि घरांत केलेलेंच कपाट, आणि तेंहि हातहत्यारांनींच. त्या काळीं करवतयंत्रें आलीं होतीं. कागदासारखे लांकडाचे पातळ पापुद्रे यंत्रानें निघूं लागले होते, आणि हलक्या लांकडावर असा पापुद्रा चिकटविला कीं आंतला खिळ्याचा सांधा झांकून जाई. म्हणजे यंत्रानें प्रथम सुताराचा हात हिरावून घेतला नाहीं. त्यानें त्याच्या हाताची किंमत झांकून टाकली. ज्या गिऱ्हाइकाला साल-कुसूं आणि खिळा यांतील फरक बाहेरून दिसत नाहीं त्यानें अधिक पैसे कशासाठीं द्यावे? १६३२ च्या निवाड्यांत जी रेघ आंखली होती ती या पापुद्र्याखालीं पुसली गेली. संघांच्या मक्तेदारीला शिव्या देणें सोपें आहे, आणि त्या कित्येक अंशीं योग्यहि होत्या. पण मक्तेदारी गेल्यावर त्या माळ्यावरच्या मुलांच्या हातीं काय आलें, हें विसरून हा इतिहास सांगितला तर तो खोटा होईल.

याच सुमाराचें एक लहानसें पुस्तक आहे. लंडनच्या चार्ल्स नाइट या प्रकाशकानें १८३९ मध्यें धंद्यांची ओळख करून देणाऱ्या मालेंत तें काढलें. विषय सांधेकारी व कपाटकार. त्यांत टॉमस नांवाचा एक उमेदवार मुलगा आहे. त्यानें प्रथम खिळ्यांनीं ठोकलेलें खोकें करावें, मग शाळकरी मुलासाठीं दांतेदार सांध्यांची पेटी, आणि शेवटीं खणांचें कपाट. एवढीच कथा. ती शिकविण्यासाठीं लिहिली आहे, पण मुलाच्या चुका, वाया गेलेलें लांकूड आणि धन्याची नजर यांमुळें ती वाचनीय झाली आहे.

धंद्यांतून हातकाम उखडलें जात असतां तें शाळेंत शिरलें, ही या इतिहासांतील अनपेक्षित कलाटणी. फिनलंडमध्यें ऊनो सिग्नेउस याच्या प्रयत्नानें १८६६ च्या शाळा-कायद्यांत मुलग्यांसाठीं हस्तकाम आलें. त्याच्यापासून स्फूर्ति घेऊन स्वीडनमध्यें नॅस येथें ऑटो सॅलोमन यानें शिक्षकांना सुतारकाम शिकविणारें विद्यालय चालविलें, आणि देशोदेशींचे शिक्षक तेथें जाऊन आले. तेथें मुलांना सुतार करावयाचें नव्हतें. जो सांधा सैल बसतो तो सैलच दिसतो, तेथें शब्दांनीं वेळ मारून नेतां येत नाहीं, हा गुण त्यांना या विद्येंत दिसला. हिंदुस्थानांत १९३७ मध्यें वर्धा येथें मूलोद्योग शिक्षणाची जी योजना निघाली तिच्यांत सूतकताईबरोबर सुतारकामालाहि स्थान होतें. त्यापूर्वीं बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १८९० मध्यें त्रिभुवनदास गज्जर यांनीं कलाभवन काढलें. धंदेशिक्षण देशी भाषेंतून मिळावें हा त्यांचा आग्रह होता, आणि ते स्वतः सुतार ज्ञातींतले होते.

महाराष्ट्रांतील सुताराला लंडनसारखा संघ नव्हता आणि सनदहि नव्हती; तें काम जातीनें केलें. बारा बलुतेदारांत सुतार थोरल्या ओळींतला. नांगर, कुळव, पाभर, गाडी यांची त्यानें डागडुजी करावी आणि सुगींत खळ्यावरून आपलें धान्य न्यावें. विद्या बापाकडून मुलाकडे गेली ती तोंडीं, आणि पुष्कळशी तोंडींहि नव्हे, नुसती पाहून. युरोपांतील कारागिराला जड बाक लागे. येथील सुतार ओसरीवर बसून पायाच्या पंजांनीं फळी दाबून धरी आणि तेंच त्याचें बाक. शहरांतील गृहस्थ ‘घरीं कपाट करविलें’ म्हणे तेव्हां त्याचा अर्थ असा कीं, सागवान आपण आणून दिलें आणि सुतार महिनाभर रोजावर येऊन बसला. घरांतील मुलें शेजारीं बसून सालपें गोळा करीत. त्यांतल्या कोणाच्या हातीं पटाशी सहसा दिली गेली नाहीं. कायद्याची बंदी नव्हती. पांढरपेशा घराचा उंबरठा मात्र इप्स्विचच्या अगदीं उलट दिशेनें काम करीत होता.

इंग्लंडांत गृहस्थाच्या हातीं हत्यार देण्यास दुसरें महायुद्धहि कारण झालें. लांकूड तुटपुंजें म्हणून १९४२ मध्यें सरकारनें ठराविक नमुन्यांचेंच सामान करण्याचा नियम घातला, आणि तो १९५२ पर्यंत चालला. त्या वर्षांत जुनीं दारें, खोकीं मोडून घरच्या घरीं कपाट करणारे पुष्कळ निघाले. ‘वुडवर्कर’ हें १९०१ मध्यें निघालेलें मासिक त्यांना वाट दाखवी. त्याचा संपादक चार्ल्स हेवर्ड हा स्वतः जुन्या तालमींतील कपाटकार असल्यामुळें त्याच्या आकृत्यांत हात कोठें घसरतो हें आधींच सांगितलेलें असे. पुढें लांकडाचे थर चिकटवून केलेल्या फळ्या आल्या. त्या रुंदींत जवळजवळ हालत नाहींत. त्यामुळें चौकट, खोबण, सैल फळी यांची गरजच कारखान्याला उरली नाहीं.

म्हणून आज साल-कुसवाचें दिलेदार कपाट केवळ हातानें करणारा माणूस इंग्लंड-अमेरिकेंत बहुधा धंदेवाईक नसतो. तो दिवसा कचेरींत असतो आणि सायंकाळीं घरांतील एखाद्या खोलींत रंधा मारतो. रूबोच्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर २०१३ पासून खंडशः प्रसिद्ध होऊं लागलें तें अशाच वाचकांसाठीं. त्याआधीं २००९ मध्यें १८३९ चें तें लहान पुस्तक पुन्हां छापलें गेलें. संपादकांनीं टॉमसचें खोकें, पेटी आणि खणांचें कपाट या तिन्ही वस्तु जुन्या वर्णनावरून हातानें बनवून पाहिल्या आणि त्यांचीं मापें व आकृत्या जोडल्या. पहिल्या आवृत्तीवर लेखकाचें नांव नव्हतें. या आवृत्तीवरहि तें घालतां आलें नाहीं.